रोजचा प्रवास, स्फोट आणि पहिली दहा मिनिटं

रोजच्या प्रवासात बॉम्बस्फोट झाला तर काय करायचं हा विषय काढला की समोरचा माणूस एकतर "काय अभद्र बोलतेस सकाळी सकाळी" म्हणून गप्प करतो, नाहीतर डायरेक्ट गॅस मास्क आणि सॅटेलाइट फोनच्या शॉपिंगवर उतरतो. मला दोन्ही पटत नाही. ट्रेन, मेट्रो, बसने रोज जाणाऱ्या माणसावर अशी वेळ आली तर काय काय होतं हे जगाला बऱ्यापैकी माहितीये, कारण दुर्दैवाने ते पुन्हा पुन्हा होऊन गेलंय. मार्च २००४ मध्ये माद्रिदला सकाळच्या गर्दीत चार ट्रेनमध्ये दहा बॉम्ब फुटले, जुलै २००५ मध्ये लंडनच्या तीन भुयारी ट्रेन आणि एक बस, जुलै २००६ मध्ये मुंबईत संध्याकाळी घरी निघालेल्या लोकांच्या लोकलमध्ये अवघ्या अकरा मिनिटांत सात स्फोट, २०१६ मध्ये ब्रसेल्सची मेट्रो. वेळ कायम ऑफिसला जायची नाहीतर यायची. यातल्या बऱ्याच घटनांवर चौकशी अहवाल आहेत, वाचलेल्या लोकांनी सांगितलेलं आहे, आणि ते वाचत गेलं की लक्षात येतं की साध्या प्रवाशाच्या कामी आलेल्या गोष्टी अगदीच साध्या होत्या, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त दुकानात मिळत नाहीत.

आधी भीतीचं बघू. गर्ड गिगरेंझर म्हणून एक जर्मन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी ११ सप्टेंबर २००१ नंतरचे अमेरिकेतले रस्ते अपघातांचे आकडे तपासले. लोक विमानाला घाबरून गाड्या काढून लांब लांब जायला लागले आणि पुढच्या वर्षभरात त्यामुळे जास्तीचे साधारण दीड हजार लोक रस्ते अपघातांत मेले असा त्यांचा अंदाज आहे. म्हणजे घाबरून प्रवासाचा मार्गच बदलला तर आपण बहुतेक वेळा जास्त धोक्याच्या मार्गावर जातो. म्हणून ट्रेन सोडून बाईक घ्या वगैरे सल्ला मी अजिबात देणार नाहीये. ट्रेननेच जा, मी पण जाते.

आता फोन. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो आणि सगळ्यात सोपी तयारी पण इथेच आहे. असं काही झालं की पहिल्या काही मिनिटांत शहरातला प्रत्येक माणूस प्रत्येकाला कॉल करतो आणि नेटवर्क बसतं. मुंबईत २००६ ला तेच झालं. लंडनला तर आल्डगेट स्टेशनच्या आसपास पोलिसांनी एका कंपनीचं नेटवर्क सामान्य लोकांसाठी मुद्दाम बंद करायला लावलं, बचाव पथकांना लाइन मिळावी म्हणून. ब्रसेल्सला स्फोटानंतर सरकारनेच लोकांना सांगितलं की कॉल करू नका, मेसेज करा. मेसेजला नेटवर्क अगदी थोडं लागतं, तो अडकला तरी फोन परत परत पाठवायचा प्रयत्न करत राहतो आणि कधीतरी पोचतो, कॉल मात्र लागला तर लागला नाहीतर गेला.

हे घरी सांगायला मी बसले तेव्हा आईशी जी चर्चा झाली ती थोडक्यात अशी.

"आई, असं काही झालं आणि माझा फोन लागला नाही तर तू लावत बसायचं नाहीस. मेसेजची वाट बघायची."

"आणि मेसेज नाही आला तर? हातावर हात धरून बसू?"

"मावशीला विचारायचं. मी तिलाच पहिला मेसेज टाकणार."

"तिला का? मी काय मेले?"

मावशी का, तर ती दुसऱ्या शहरात राहते. आपल्या शहरातलं नेटवर्क बसलेलं असतं तेव्हा बाहेरच्या माणसाशी संपर्क होण्याची शक्यता जास्त, आणि सगळ्यांनी एकाच माणसाला कळवायचं असं ठरलं की चार जण एकमेकांना शोधत बसत नाहीत, तो एक माणूस सगळ्यांना निरोप देतो. आईला हे पटायला थोडा वेळ लागला, मान मावशीला का मिळाला हा मुद्दा अजून धुमसतोच आहे, पण ठरलं एकदाचं. बाबा म्हणाले भेटायचं ठिकाण पण ठरव, आणि ते बरोबरच म्हणाले, कारण फोनच नसेल तर काय. मग दोन ठिकाणं ठरवली, एक घराजवळ, एक ऑफिस आणि घराच्या मधे. दोन्ही ठिकाणं स्टेशनपासून लांब आहेत, कारण स्टेशनचा सगळा परिसर बंद करतात आणि तिथे पोचताच येत नाही.

मेसेज काय टाकायचा हे पण आधीच ठरलेलं बरं. त्या वेळेला हात थरथरतात, ऑटोकरेक्ट भलतंच काहीतरी टाकतं. मी एक ड्राफ्ट करून ठेवलाय, "मी ठीक आहे. अमुक ठिकाणी आहे. चालत निघतेय. कॉल करू नका, बॅटरी वाचवतेय." ठिकाण बदलायचं आणि सेंड.

फोनमध्ये अजून एक गोष्ट करा, आत्ता वाचता वाचता केली तरी चालेल. लॉक स्क्रीनवर इमर्जन्सी माहिती टाकता येते, आयफोनमध्ये मेडिकल आयडी म्हणतात, अँड्रॉइडमध्ये सेफ्टी किंवा इमर्जन्सीच्या सेटिंगमध्ये सापडते. तिथे ब्लड ग्रुप, कुठल्या औषधाची अॅलर्जी आहे, आणि दोन नंबर. पासवर्ड माहीत नसला तरी डॉक्टरला ते दिसतं. याची सुरुवात ब्रिटनमधल्या बॉब ब्रॉची नावाच्या एका पॅरामेडिकने केली होती, २००५ मध्ये, लंडनच्या स्फोटांच्या थोडंसं आधी, की फोनबुकमध्ये आयसीई (इन केस ऑफ इमर्जन्सी) नावाने एक नंबर सेव्ह करा, आणि मग स्फोटांनंतर ते ईमेलवरून जगभर पसरलं. आता फोनला लॉक असतो म्हणून ते लॉक स्क्रीनवर आलं. आणि ११२ लक्षात ठेवा, भारतात, युरोपात आणि इतरही बऱ्याच देशांत चालतो, आणि आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या रेंजवरून लागू शकतो.

पण फोन फुटला किंवा बॅग आतच राहिली तर? किती जणांना आज घरच्यांचे नंबर पाठ आहेत? म्हणून एक कागद. चार नंबर, ब्लड ग्रुप, पत्ता. पाकिटात किंवा आयकार्डच्या मागे. शाई घामाने पसरते म्हणून पेन्सिलने लिहिलेला बरा.

बॅगेचं फार लांबवत नाही. पाण्याची बाटली, छोटा टॉर्च (फोनचा टॉर्च बॅटरी खातो आणि तीच तर वाचवायचीये), शिट्टी, पॉवर बँक, रोजच्या गोळ्यांचा एक दिवसाचा डोस, मोठा सुती रुमाल किंवा स्कार्फ, आणि थोडी कॅश कारण नेटवर्क नाही म्हणजे पेमेंट पण नाही. शिट्टीला लोक हसतात. ढिगाऱ्याखाली किंवा धुरात ओरडून घसा जातो आणि धूर आत जातो तो वेगळाच, शिट्टी वाजवायला फार दम लागत नाही. आणि पायातलं बघा. रस्ते बंद, गाड्या बंद म्हणजे घरापर्यंत किंवा निदान अर्ध्यापर्यंत चालत. हिल्स घालायची हौस असेल तर घाला पण सपाट काहीतरी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये असू द्या.

आता प्रत्यक्ष डब्यात. रोजच्या मार्गावर एकदा बघून ठेवा की इमर्जन्सी दरवाजा कसा उघडतो, काच फोडायची हातोडी कुठे आहे, चेन कुठे, स्टेशनला मुख्य जिन्याशिवाय दुसरा रस्ता कुठला. गर्दी जिथून आत आली तिथूनच बाहेर पडायला बघते आणि तिथेच चेंगरते. पाच मिनिटांचं काम आहे, मोबाइल खाली ठेवून एकदा मान वर करायची एवढंच.

चेनबद्दल मात्र नीट विचार करून ठेवा. ट्रेन बोगद्यात चालू असताना स्फोट झाला किंवा धूर आला तर हात आपोआप चेनकडे जातो, पण बोगद्यात थांबलेली ट्रेन ही सगळ्यात वाईट जागा, तिथे मदत पोचायला वेळ लागतो. सेंट पीटर्सबर्गला एप्रिल २०१७ मध्ये दोन स्टेशनांच्या मधे डब्यात स्फोट झाला, ड्रायव्हर थांबला नाही, ट्रेन सरळ पुढच्या स्टेशनात नेली, आणि त्यामुळे जखमींना लगेच बाहेर काढता आलं. म्हणून ट्रेन चालतेय तोवर चालू द्या, इंटरकॉमवर सांगा, प्लॅटफॉर्म आला की उतरा.

आणि याच्या उलट पण एक गोष्ट आहे. फेब्रुवारी २००३ मध्ये दक्षिण कोरियात डेगू शहरात एका माणसाने मेट्रोत आग लावली (तो दहशतवादी हल्ला नव्हता, पण शिकण्यासारखं तेवढंच आहे), बाजूच्या ट्रॅकवर दुसरी ट्रेन येऊन थांबली आणि आग तिला लागली, आणि १९२ लोक गेले. डब्यात धूर भरतोय आणि लोक नाकाला रुमाल लावून सीटवर शांत बसून आहेत असा एक फोटो तेव्हाचा आहे, बघवत नाही. का बसले होते? कारण बाकीचे बसले होते, आणि थांबा असं सांगितलं होतं. आपण सगळेच असे आहोत, बाजूचा उठला तर आपण उठणार. तर नियम माझ्यापुरता असा, ट्रेन थांबलीये आणि धूर किंवा आग जवळ आहे तर कुणाच्या परवानगीची वाट बघायची नाही, बाहेर. पण धूर नाही, नुसती थांबलीये, तर ट्रॅकवर उड्या मारायच्या नाहीत, बऱ्याच मेट्रोंमध्ये खालच्या रुळाच्या बाजूने जाणाऱ्या पट्टीत करंट असतो आणि समोरून दुसरी गाडी पण येऊ शकते. उतरायचंच झालं तर त्या पट्टीपासून लांब, एकामागोमाग एक, आणि धुरात वाकून.

पहिली बातमी चुकीची असते हे गृहीत धरा. लंडनला सुरुवातीला पॉवर सर्ज झालाय, म्हणजे विजेचा काहीतरी प्रॉब्लेम, असंच सांगत होते. समोरच्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं आणि स्पीकरवर अधिकृत माणूस सांगतोय ते, एवढंच धरायचं. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईच्या सीएसटी स्टेशनात गोळीबार सुरू झाला तेव्हा अनाउन्सर विष्णू झेंडे वरच्या केबिनमधून बघून लोकांना सतत सांगत राहिले की इकडे येऊ नका, मागच्या बाजूने बाहेर पडा, आणि त्यामुळे किती तरी लोक वाचले. म्हणजे अनाउन्समेंट ऐकण्याला अर्थ आहे, त्यासाठी दोन्ही कानांत फुल व्हॉल्यूमचे इअरफोन नकोत, एक कान मोकळा ठेवा, एवढी मागणी मी नवऱ्याकडे पण केलीये, निर्णय पेंडिंग आहे.

गोळीबार असेल तर ब्रिटनमध्ये लोकांना तीन शब्दांत शिकवतात, पळा, लपा, कळवा. पळता येत असेल तर पळा, सामान टाकून. नसेल तर जाड भिंतीमागे लपा, आणि फोन सायलेंट करा, व्हायब्रेट पण बंद. मग सुरक्षित झाल्यावर पोलिसांना. व्हिडिओ काढायला थांबणं या तिन्हीत कुठेच बसत नाही.

चेंगराचेंगरीची भीती पण खरी आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये लंडनच्या पार्सन्स ग्रीन स्टेशनात बॉम्ब धड फुटलाच नाही, पण जिन्यावरच्या रेटारेटीत लोक जखमी झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ऑक्सफर्ड स्ट्रीट परिसरात तर काहीच झालं नव्हतं, नुसत्या अफवेने लोक पळाले आणि त्यातही जखमी झाले. गर्दीत सापडलात तर हात छातीसमोर घडी करून ठेवा म्हणजे श्वासाला जागा राहते, धक्क्याच्या विरुद्ध लढू नका, तिरकं तिरकं कडेला सरका, आणि पडलेली वस्तू उचलायला वाकू नका, ती कितीही महागाची असो. पण लोक फक्त तुडवातुडवीच करतात हे खोटं आहे हां. ससेक्स विद्यापीठाचे जॉन ड्रुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या वाचलेल्या लोकांशी बोलून अभ्यास केला, त्यात अनोळखी माणसांनी एकमेकांना धीर दिल्याच्या, पाणी दिल्याच्या, पट्ट्या बांधल्याच्याच गोष्टी जास्त निघाल्या, स्वार्थीपणाच्या फार थोड्या. म्हणजे आपल्याशेजारी उभा असलेला माणूसच आपली पहिली मदत, आणि आपण त्याची.

आणि इथे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट येते, रक्तस्राव. हातापायाची मोठी धमनी तुटली तर माणूस पाचेक मिनिटांत जाऊ शकतो, अॅम्ब्युलन्स तेवढ्यात येत नाही. बाकी सगळी तयारी बाजूला ठेवा पण हे एक शिका. मी एक फर्स्ट एडचा क्लास केला, त्यात आम्हाला आधी फक्त दाबायला शिकवलं. जखमेवर कापड, त्यावर दोन्ही तळवे, कोपर सरळ, आणि अख्ख्या शरीराचं वजन. आणि सोडायचं नाही. "बघू थांबलं का" म्हणून उचलून बघायचं नाही, कापड भिजलं तर त्याच्यावर दुसरं. जखम खोल असेल तर कापड आत बोटाने ठासून भरायचं, हे ऐकूनच आमच्यातली एक बाई उठून खिडकीपाशी गेली. काच, लोखंड काही रुतलेलं असेल तर उपटायचं नाही, त्याच्या दोन्ही बाजूंनी दाबायचं.

दाबून थांबत नसेल आणि जखम हाताला किंवा पायाला असेल तर टुर्निके, म्हणजे रक्त थांबवायला आवळून बांधायची पट्टी. दोन इंच तरी रुंद पट्टी, जखमेच्या वर दोन-तीन इंचांवर, गुडघ्यावर किंवा कोपरावर नाही. एक गाठ, गाठीवर काठीसारखं काहीतरी टणक, वर दुसरी गाठ, आणि मग ओलं कापड पिळतो तसा पीळ घालायचा, रक्त थांबेपर्यंत. मी माझ्या मांडीवर बॉलपेन घालून केलं तर तिसऱ्या पिळाला पेन कट्कन मोडलं आणि शिकवणारे सर म्हणाले, झालं, पेशंट गेला. पेन नको, स्टीलचा चमचा, छत्रीचा दांडा, स्पॅनर असं काहीतरी. कमरेचा पट्टा लोकांना पटकन सुचतो पण जाड पट्ट्याला नीट पीळ बसत नाही, आणि बुटाची नाडी इतकी बारीक की ती नुसती कापते. जुगाड टुर्निके बऱ्याचदा फसतो हे सर स्वतःच सांगत होते, म्हणून तयार मिळणारा घेऊन बॅगेत टाकला तर उत्तम, मी टाकलाय, खरेदीवाल्यांना एवढी एक सूट. दुखतं प्रचंड, माणूस ओरडतो, सोडा म्हणतो, सोडायचं नाही. बांधल्याची वेळ कपाळावर किंवा पट्टीवर लिहायची, डॉक्टरला लागते. पोटाच्या, छातीच्या जखमेला हे चालत नाही, तिथे माणसाला लवकरात लवकर बाहेर पोचवणं एवढंच आपल्या हातात.

बोस्टनला २०१३ च्या मॅरेथॉनमध्ये दोन स्फोटांत अडीचशेहून जास्त लोक जखमी झाले, कितीतरी जणांचे पाय गेले, पण मृत्यू तीन झाले. हॉस्पिटलं जवळ होती, वैद्यकीय तंबू तिथेच होता हे खरं, पण आजूबाजूच्या लोकांनी मिळेल त्या कपड्याने रक्त रोखून धरलं हे पण तितकंच खरं.

रासायनिक हल्ल्याबद्दल थोडंच. टोकियोला मार्च १९९५ मध्ये पाच ट्रेनमध्ये सरीन नावाचं विषारी रसायन सोडलं होतं, छत्रीच्या टोकाने पिशव्या फोडून. डोळे चुरचुरणं, अंधारल्यासारखं दिसणं, नाक गळणं, श्वास अडकणं असं एकाच वेळी बऱ्याच लोकांना व्हायला लागलं तर तिथून लांब, वरच्या दिशेला, मोकळ्या हवेत, कारण हा वायू हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. पिशवीत काय आहे ते बघायचं नाही, सांडलेलं पुसायचं तर अजिबात नाही. आणि बाहेर आल्यावर अंगावरचे वरचे कपडे काढून टाकायचे, डोक्यावरून न ओढता जमेल तर फाडून. लाजायची वेळ नाही ती. टोकियोत लोक तसेच कपड्यांनिशी टॅक्सी करून हॉस्पिटलला गेले आणि त्यांच्या कपड्यांवरून डॉक्टर-नर्सना त्रास झाला.

बाहेर पडलात की थांबून बघत बसू नका, चालायला लागा. दुसरा बॉम्ब असू शकतो, आणि तो बऱ्याचदा गर्दी जमते तिथेच ठेवलेला असतो. काचांच्या इमारतींपासून, उभ्या गाड्यांपासून, कचऱ्याच्या डब्यांपासून लांब. फोनमध्ये काही रेकॉर्ड झालं असेल तर पोलिसांना द्या, ग्रुपवर टाकू नका, कुणाच्या तरी आईला ते पोलिसांच्या आधी पोचतं.

आणि स्वतःला काही झालं नाही असं वाटलं तरी डॉक्टरकडे जा. कानात शिट्टी वाजत राहणं, कमी ऐकू येणं म्हणजे पडदा फाटलेला असू शकतो, आणि फुफ्फुसाला बसलेला मार काही वेळा तासाभराने, कधी त्याहून उशिरा कळतो, दम लागतो, खोकल्यात रक्त येतं. झोप उडणं, आवाजाला दचकणं हे सुरुवातीला बहुतेकांना होतं, महिन्याभरानंतरही तसंच राहिलं तर त्याचाही डॉक्टर असतो. तपासणाऱ्या डॉक्टरला स्वतःहून सांगा की तुम्ही स्फोटापासून किती लांब होतात आणि डबा बंद होता की दारं उघडी होती, कारण बंद जागेत दाबाचा मार कितीतरी जास्त बसतो आणि पुढे काय तपासायचं ते ठरवायला त्यांना याचा उपयोग होतो.